कोनाचं लेकरू राह्यलं का?

"कोनाचं लेकरू राह्यलं का वं माय?"

खेळ सुटून बाया बाहेर पडल्या, की आमच्या टॉकीजच्या लेडीजमधून, म्हणजे बायांच्या बाजूतून, ही हाक यायची. एकदा नव्हे, तीनदा. पहिली दारातून, दुसरी मधल्या बाकांपाशी उभं राहून, तिसरी थेट पडद्याखाली जाऊन. हाक लेडीजच्या दारावरच्या मावशीची. प्रत्येक हाकेनंतर ती थांबायची. मान तिरपी करून ऐकायची. मग कंबरेत वाकून एकेका बाकाखाली बॅटरी मारायची. बाहेर पुढच्या खेळाच्या बायांची रेटारेटी, मॅनेजर घड्याळ दाखवून ओरडतोय, पण तिसरी हाक झाल्याशिवाय तिनं कुणाला आत सोडलं नाही.

मी त्या टॉकीजचा बुकिंग क्लार्क. टॉकीज अकोल्याच्या जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या मागच्या अंगाला. नाव सांगत नाही. तुम्ही अकोल्याचे असाल तर ओळखलीच असेल, आणि तिच्या भुताची गोष्टही तुम्हाला ठाऊक असेल. कदाचित मीच सांगितली असेल. तिकिटाच्या खिडकीत बसून मी ती इतक्या लोकांना, इतकी रंगवून सांगितली आहे, की आज आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

गोष्ट अशी होती. टॉकीज व्हायच्या आधी त्या जागेवर कापसाचं जिनिंग होतं. तिथं कामाला असलेली एक बाई तिथंच बाळंत झाली आणि तिथंच गेली, तिच्यामागं लेकरूही गेलं. पुढं टॉकीज झाली. लेडीजला वेगळं दार होतं, गल्लीतून, आणि पुरुषांच्या बाजूला मधे पुरुषभर उंचीची भिंत. पण पडद्याच्या मागं एक बोळ होता. त्यात आवाजाची मोठी खोकी ठेवलेली असत. त्या बोळातून इकडून तिकडं जाता यायचं. त्याच बोळात म्हणे ती बाई लेकराला छातीशी धरून उभी असते. पिक्चरमध्ये सगळं शांत झालं, की लेकरू रडतं.

ही नुसती गप नव्हती. एका दुपारच्या खेळाला तीन टवाळ पोट्टे त्या बोळातून बोंबलत बाहेर आले, ते थेट रस्त्यापर्यंत. एकाची चप्पल आतच राहिली. ती मी खिडकीखाली ठेवून दिली होती, कुणी न्यायला आलं नाही. त्यानंतर बोळात जायची कुणाची छाती झाली नाही. मी तर दिवसाही त्या बाजूला फिरकत नसे. मी भित्रा माणूस आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. आमच्या घरी पाल निघाली तर बायको काढते.

मावशी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. सकाळी बाजारात फुलं विकायची, घरच्याच मळ्यातली, आणि दुपारी लेडीजच्या दारावर उभी राहायची. उरलेला मोगरा ओल्या फडक्यात बांधून आतल्या कोपऱ्यात ठेवायची. पंखे सुरू झाले की सगळ्या लेडीजमध्ये घमघमाट सुटायचा. लोक म्हणायचे, ती बाई गजरा माळून येते. मला खरं काय ते ठाऊक होतं. पण गोष्टीला वास असला की गोष्ट चांगली होते, म्हणून मी गप्प बसायचो.

लेकरू रडायला लागलं की ती आईच्या मांडीवरून उचलून घ्यायची. "तू पाय माय तुहा शिनेमा, मी पायतो याले," म्हणायची आणि दारातल्या उजेडात त्याला खांद्यावर टाकून हलवत उभी राहायची. एकेका खेळाला तीन-तीन लेकरं तिच्या अंगावर. स्वतःचं मात्र नव्हतं. नवरा फार लवकर गेला होता. मला ती "बाबू" म्हणायची, कारण बुकिंगवर बसणारा तो बाबू.

आता तो गुरुवार सांगतो.

पिक्चरचा शेवटचा दिवस होता. रिळांची पेटी अमरावतीहून बडनेऱ्यामार्गे गाडीनं यायची, आणि त्या दिवशी ती अंजनगावच्या टॉकीजला पाठवायची होती. म्हणून बाराचा खेळ तीनला सुटला, की टॉकीज बंद. पुढचा खेळ शुक्रवारी दुपारी. बाया गेल्या, मावशी गल्लीतल्या दाराला कुलूप घालत होती आणि मी सायकल काढत होतो. तेवढ्यात आतून रडणं आलं.

बारीक. थांबून थांबून. भर दुपार, डोक्यावर ऊन, गल्लीत शेळ्या बसलेल्या, आणि माझ्या मानेवर सरसरून काटा आला. मावशीचा हात कुलपावर तसाच राहिला.

"बाबू, तुले आयकू येते का रे?"

"येते."

तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. "मी नाई करून रायलो," ती म्हणाली. "आईशपथ, मी नाई करून रायलो हे."

ती काय बोलत होती ते मला कळलं नाही. कळून घ्यायची शुद्ध कुणाला होती! मी म्हणालो, "मावशी, लाव कुलूप अन् चाल इथून!" तिनं कुलूप लावलं. किल्ली हातातून दोनदा पडली. मग आम्ही दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत पळालो. वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉकीजसमोर रडारड. जवळच्याच खेड्यातल्या दोघी जावा पोराबाळांसकट पिक्चरला आल्या होत्या. सुटल्यावर थोरली एसटीनं गावी गेली, धाकटी मुक्कामाला अकोल्यातच भावाकडे. धाकटीच्या तीन वर्षांच्या लेकराला थोरलीचा लळा. धाकटीला वाटलं ते मोठ्या आईबरोबर गेलं, थोरलीला वाटलं ते आपल्या आईपाशी आहे. फोन तेव्हा कुणाकडे होते? सकाळच्या गाडीनं धाकटी गावी पोचली तेव्हा कळलं, की ते दोघींपाशीही नाही.

दार उघडलं. लेकरू पडद्यालगतच्या बाकाखाली, बोळाच्या तोंडाशी बसलं होतं. डोळे उघडे. रडून रडून आवाज बसलेला, नुसतं तोंड हलत होतं. पाणी पाजलं, आईनं पोटाशी धरलं, पण ते आईला ओळखीना. अंगात ताप चढला. दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ते गेलं.

भेव बसलं, असं सगळे म्हणाले. लेकराची आईसुद्धा कपाळ बडवून तेच म्हणत होती, "त्या बाईनं माह्यं लेकरू ओढलं वं!" मावशी तिच्या बाजूला बसली होती. आमच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. भूत होतं ना, मग आणखी कुणाकडे पाहायचं काम काय? आणि मी काय केलं, सांगू? महिन्याभरात मी हेही गोष्टीला जोडलं. खिडकीतून तिकीट देता देता सांगायला लागलो, की बाई रे, त्या जागेनं एक लेकरू खाल्लं. फक्त आम्ही दोघांनी ते रडणं ऐकलं होतं, एवढं गाळून.

ती हाक त्यानंतर सुरू झाली. मॅनेजरनं पहिल्यांदा समजावलं, मग झापलं. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा हाक मारायची. एकदा मी विचारलं, "मावशी, हाक मारतेस ते ठीक. पण मारल्यावर इतकी थांबतेस कावून?"

"लेकरू असलं तं हाक आयकून रडनं थांबवते," ती म्हणाली. "आयकते नं ते, कोन बलावते मनून. भूत कावून थांबीन?"

एका दुपारी दोन खेळांच्या मधे आतून खरंच रडण्यासारखा आवाज आला. मी खिडकी सोडून रस्त्यावर आलो होतो. मावशी दारात उभी. तिनं बॅटरी लावली. तोंडानं काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. मी बाहेर आपला घाम पुसतोय. हाक ऐकू आली, मग दुसरी, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, गेली ही. मग ती बाहेर आली, ओच्यात मांजराची तीन पिल्लं घेऊन. पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

"तुले भेव नाई लागत?" मी विचारलं.

"लागते नं बाप्पा."

"मंग जातेस कशाले?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला मान खाली घालावी लागली. "भूत असलं तं असू दे," ती म्हणाली. "लेकरू असलं तं?"

पुढं टॉकीज बंद पडली. पडणारच होती. मालकाच्या पोरांची कोर्टात भांडणं लागली, पुढच्या दारावर फळ्या ठोकल्या गेल्या. पण लेडीजच्या दाराची किल्ली मावशीपाशीच राहिली, कुणी मागितलीच नाही. ती रोज तीनच्या सुमारास गल्लीत यायची, कुलूप उघडायची, तीन हाका मारून परत जायची. पानठेल्यावरचे लोक हसायचे. मीही हसायचो. नंतर गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा भाच्यानं तिला बडनेऱ्याला नेलं. तो रेल्वेत आहे, क्वार्टरमध्ये राहतो. तिथून तिचा निरोप आला, की बाबूले म्हणा येऊन जाय.

गेलो. खाटेवर अर्धीही उरली नव्हती. भाचसून चहा ठेवायला आत गेली, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"बाबू, ते भूत मी केलंतं."

मला वाटलं, तापात बडबडतेय. पण डोळे अगदी जाग्यावर होते. तिनं सगळं सांगितलं. अंधार झाला की टवाळ पोट्टे त्या बोळातून लेडीजमध्ये शिरायचे. बायांच्या अंगाला हात लावायचे. खेड्यातून आलेल्या लाजऱ्या पोरी, त्या ओरडायच्याही नाहीत. मावशीनं मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला अंधारात चालायचंच. बोळ बुजवा म्हटलं, तर मालक म्हणाला खोकी कुठं ठेवू. मग तिनं जिनिंगवाली बाई रचली. पहिल्यांदा पानठेल्यावर सांगितली, तिथून ती आपोआप गावभर झाली. आणि एका दुपारी स्वतः बोळात जाऊन उभी राहिली. पोट्टे आत आले, तसा तिनं पदर तोंडावर घेतला.

"असं केलं," ती म्हणाली, आणि पांघरूण तोंडावर ओढून रडली.

अहो, हुबेहूब! तान्ह्या लेकराचं बारीक, ओढून धरलेलं रडणं, त्या हाडांच्या सापळ्यातून. भाचसून पातेलं टाकून धावत आली. मी खुर्चीवरून उठून भिंतीला टेकलो होतो. एवढी वर्षं मी ज्याला भ्यालो, ते माझ्या हातभर अंतरावर पांघरुणाखाली होतं.

तिनं तोंडावरून पांघरूण काढलं. हसली नाही.

"मंग त्या गुरुवारी कावून पयाली तू?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मले नव्हतं माहीत. तुले तं माहीत होतं नं आत भूत नाई!"

"मले वाटलं, मी त्या भुताले इतक्या डाव बलावलं, तं खरंच आलं."

बाहेरून मालगाडी गेली. मग तीच म्हणाली, "मी भूत केलं बायायसाठी. अन् त्या भुतापायी कोनी त्या लेकराकडे गेलं नाई. मी बी नाई. त्याची माय म्हने बाईनं ओढलं, अन् मी तिच्या बाजूले बसून मुंडी हालवत होतो, रे. खरं सांगाले पायजे होतं. भूत तिथंच मेलं असतं."

तुम्ही म्हणाल, मी तिला काय म्हणालो. मी त्याच भुताला इतकी वर्षं खाऊपिऊ घालून पोसलं होतं. मी कोणत्या तोंडानं बोलणार?

तिनं उशाखालून किल्ली काढली, बॅटरी काढली. "तीन वाजता जाजो. तीन डाव हाक मारजो. आता तिथं भिंती पडल्या असतीन, लेकरं शिरतात. लोक आयकतीन अन् पयतीन. जाशीन नं?"

"जाईन," मी म्हणालो.

आठ दिवसांनी ती गेली. मी किल्ली घरच्या जुडग्यात अडकवली आणि बॅटरी कपाटावर ठेवली. गेलो मात्र नाही. आधी पावसाळा होता, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग थंडी. ही सगळी कारणं मी बायकोला सांगितली आणि बायकोनं ऐकून घेतली. खरं कारण एकच. मला भीती वाटत होती. आता तर भूत नाही हे पक्कं ठाऊक होतं, ते कुणी केलं, कसं केलं, सगळं ठाऊक होतं, तरी त्या दाराकडे पाय वळत नव्हता. दोन वर्षं गेली.

यंदाच्या उन्हाळ्यात, अशीच भर दुपार, औषध घेऊन गल्लीतून येत होतो. पानठेल्यावर चार-पाच जण टॉकीजकडे तोंड करून उभे. एकानं मोबाइल वर धरलेला.

"या या, बाबूजी!" ठेलेवाला म्हणाला. "तुमची बाई आज सकायपासून रडून रायली. आयका."

ऐकलं. बारीक. थांबून थांबून. फळ्यांच्या आतून.

अगदी तेच. पाय घराकडे निघालेच होते, खोटं कशाला बोलू, दोन पावलं टाकलीही होती. ठेल्यावरचा एक जण म्हणाला, "रेकॉर्ड होऊन रायलं बे, साजरं," आणि बाकीचे हसले. ते हसू माझं होतं. खिडकीत बसून मी असाच हसायचो.

मी वळलो आणि जुडगं काढलं. कुलूप गंजलं होतं, दोन्ही हात लावले तेव्हा कुठं उघडलं. मागून ठेलेवाला ओरडला, "बाबूजी, येडे झाले का?" दार ढकललं. आत वटवाघळांचा वास, पत्र्याच्या भोकांतून पडलेले उजेडाचे चार कवडसे, बाकी काळोख. मोबाइलचा दिवा लावला. पहिली हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा घशातून कसंतरी निघालं. रडणं सुरूच. मी बाकांना धरत धरत पुढं गेलो. पडदा कधीच फाटून खाली लोंबत होता. त्याच्यामागं बोळ.

मी म्हणालो, "कोनाचं लेकरू राह्यलं का वं माय?"

रडणं थांबलं.

आयुष्यात तितका मी कधी भ्यालो नाही. कारण आता मागं फिरायची सोय राहिली नव्हती.

मी बोळात शिरलो. आवाजाच्या एका फुटक्या खोक्याच्या फळीत पाय अडकून दोन-अडीच वर्षांची पोरगी बसली होती. नाक वाहतंय, गालावर धूळ आणि पाण्याचे ओघळ, आणि डोळे माझ्या दिव्याकडे. फळी मोडली, तिला उचललं. तिनं दोन्ही हातांनी माझा गळा असा आवळला, की मला श्वास घेता येईना. तिला घेऊन दारात आलो, तर पानठेल्यावरचे सगळे मागं सरले. एकाचा मोबाइल खाली पडला. मला पाहून लोक भ्याले, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

बाजाराच्या तोंडाशी फुलांची गाडी लावणारी एक बाई आहे, तिची ती पोर. मांजरामागं मागच्या पडक्या भिंतीतून आत शिरली असावी. आई सकाळपासून सगळा बाजार पालथा घालत होती, उलट्या दिशेला. कुणी तिला सांगितलं नाही, की टॉकीजमधून रडणं येतंय. सांगायचं काय त्यात, ते तर जुनंच आहे. ती धावत आली, पोरगी माझ्याकडून ओढून घेतली आणि तिथंच रस्त्यावर बसली. तिच्या अंगाला मोगऱ्याचा वास येत होता. मीही मग तिच्या बाजूला बसलो आणि पानठेल्यावरच्या सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितलं. गुरुवारचं. आम्ही दोघं पळालो ते. बोळात पदर तोंडावर घेऊन कोण रडलं ते. सांगताना एकदाही रंगवलं नाही.

आता रोज तीन वाजता जातो. मावशीच्या बॅटरीत नवे सेल टाकलेत. तीन हाका मारतो, थांबतो, मान तिरपी करून ऐकतो, बाकाखाली वाकतो. सापडत काही नाही. भूत नाही हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तरी आत शिरताना मला रोज भीती वाटते. कारण त्या दोन वर्षांत, किल्ली खिशात असताना, त्या गल्लीतून जाताना मी आतून रडणं ऐकलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा मी पाय उचलला आणि घरी आलो. मांजर असेल. तिसरी हाक मारून झाली की मी रोज स्वतःला सांगतो, तिन्ही वेळा मांजरच असेल.